धसक्याचा पंचनामा

गारपीट झाली की तलाठी येईपर्यंत शेत आवरायचं नसतं, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. आडवी झालेली ज्वारी तशीच पडू द्यायची, वेलीखाली सडा पडलेली द्राक्षं तशीच राहू द्यायची. पंचनाम्याला आलेल्या माणसाला दिसेल तेवढंच नुकसान कागदावर चढतं. मनाच्या पंचनाम्याला जाताना मात्र आपण नेमकं उलटं करतो. केस नीट विंचरतो, इस्त्रीचे कपडे घालतो आणि समोरच्याने "कसं काय आहे?" विचारलं की तोंडातून आधी "बरं आहे" निघतं. शेत आवरून झालेलं असतं.

अत्याचार, अपघात, ॲसिडहल्ला, लहानपणी घरातच झालेला छळ यांतून सावरण्यासाठी जे उपचार लागतात, ते बोलण्याचे असतात आणि दर आठवड्याला घ्यायचे असतात. आघातासाठी खास बेतलेल्या पद्धती साधारण ८ ते १५ सेशनच्या असतात. लहानपणापासून साचत आलेल्या जखमांना याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हा खर्च दुसऱ्या कुणी उचलायचा म्हटलं, मग ते सरकार असो, विमा कंपनी असो की न्यायालय, की पहिला प्रश्न येतो: इजा झाली हे कशावरून? हाड मोडलं तर एक्स-रे दाखवता येतो. इथे दाखवायला काही नसतं, म्हणून मानसशास्त्रीय तपासणी होते. ती करणाऱ्यावर दोन कामं पडतात. माणसाला समजून घ्यायचं, आणि त्याच वेळी तिजोरीच्या दारावर उभं राहायचं. ही दोन्ही कामं एका खुर्चीतून नीट होत नाहीत, आणि या विषयातला निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो असं माझं मत आहे.

तसं पाहिलं तर आघाताचं निदान जन्मापासूनच पैशांशी जोडलेलं आहे. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पीटीएसडी' हे नाव आलं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्या डॉक्टरांचा रेटा होता. नाव नव्हतं तोवर उपचारांवर आणि भरपाईवर हक्कही सांगता येत नव्हता. पुढे मोजपट्ट्या आल्या. आज जास्त वापरली जाणारी एक प्रश्नावली २० प्रश्नांची आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, बेरीज ८० पर्यंत, आणि ३१ ते ३३ च्या आसपास गेलं की तज्ज्ञ सावध होतो. ही चाळणी झाली. पक्क्या निदानासाठी तज्ज्ञ समोर बसून तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मुलाखत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरण पुस्तिकेची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिने गाभा तीन गोष्टींवर आणला आहे: घडलेलं पुन्हा आत्ताच घडतंय असं वाटणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही अशा ताणात सतत राहणं. दीर्घकाळच्या छळातून येणाऱ्या गुंतागुंतीच्या प्रकाराला तिने वेगळी जागाही दिली. त्यात भावना आवरता न येणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि माणसांपासून तुटणं यांची भर पडते.

ही तपासणी निधीचं दार झाली की काय होतं, हे पाहायला न्यूझीलंडइतकं बोलकं उदाहरण नाही. तिथे १९६७ च्या वुडहाउस अहवालानंतर १ एप्रिल १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी व्यवस्था आहे. दोष कुणाचा हे न विचारता इजेचा खर्च सरकारी महामंडळ उचलतं. लैंगिक अत्याचारातून झालेली मानसिक इजाही यात बसते. अशा दाव्यांना तिथे 'संवेदनशील दावे' म्हणतात. पोलिसांत तक्रार केलेली असणं गरजेचं नाही, आणि घटना चाळीस वर्षांपूर्वीची असली तरी चालते. ऐकायला स्वप्नवत. अट एकच: मानसिक इजा झाली आहे आणि ती त्या घटनेमुळेच झाली आहे, हे तपासणीत दिसलं पाहिजे. कायद्याच्या लेखी नुसतं दुःख ही इजा नव्हे. वागण्यात, विचारात किंवा मनाच्या कामकाजात वैद्यकीयदृष्ट्या ठळक बिघाड दिसावा लागतो.

२००९ च्या ऑक्टोबरात महामंडळाने हे दार अरुंद केलं. आधी पुस्तिकेतल्या नावासकट निदान, मग मंजुरी, मग समुपदेशन. त्यामुळे अनोळखी तज्ज्ञासमोर बसून सगळं उकरून सांगायचं, निकालाची वाट पाहायची, आणि तोवर हात धरायला कुणी नाही. मंजूर होणाऱ्या दाव्यांची संख्या कोसळली. समुपदेशक आणि पीडितांच्या संघटनांनी गदारोळ केला. २०१० मध्ये बार्बरा डिस्ली यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समितीने झाडाझडती घेतली. त्याच वर्षी निर्णयाआधी १६ तासांपर्यंतचं समुपदेशन देणं सुरू झालं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात सगळी सेवाच नव्याने बांधली गेली. नव्या बांधणीत माणूस आधी आपला थेरपिस्ट निवडतो, त्याच्याशी काही तास बोलतो, आणि तपासणी नंतर होते. तपासणी रद्द झाली नाही, तिची जागा बदलली. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो, कारण पायाखाली थोडी जमीन आल्यावर माणूस खरं सांगू शकतो. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या किंवा तिथे शिकायला गेलेल्या मराठी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. त्या देशात घडलेल्या घटनेसाठी ही दारं पाहुण्यांनाही उघडी असतात आणि दुभाषा मागता येतो.

जर्मनीही अशाच वाटेने गेली. तिथल्या नव्या सामाजिक भरपाई कायद्यानुसार, जो १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, हिंसेला बळी पडलेल्या प्रौढाला खास आघात-बाह्यरुग्ण विभागात १५ पर्यंत आणि मुलांना १८ पर्यंत सेशन मिळू शकतात. त्यातली पहिली काही तातडीची असतात. आधी ओल्या जखमेवर पट्टी, कागद मागाहून.

आता आपल्याकडे.

आपल्याकडे असं एकच दार नाही. चार-पाच खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीतला माणूस वेगळी गोष्ट मोजतो. महाराष्ट्रातली सर्वांत माहितीची खिडकी म्हणजे मनोधैर्य योजना. २ ऑक्टोबर २०१३ पासून बलात्कार, बालकांवरचा लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतल्या पीडितांसाठी ती सुरू झाली. आधी मदत २ ते ३ लाखांची होती. नंतर गंभीर प्रकरणांत ती १० लाखांपर्यंत वाढली आणि कारभार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला. योजनेच्या नावातच मन आहे, समुपदेशनाची तरतूदही आहे. पण पैसा ठरतो तो प्रामुख्याने गुन्ह्याच्या प्रकारावरून आणि शरीराच्या इजेवरून, आणि मंजूर रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. भविष्याची काळजी म्हणून ते ठीक आहे. पण झोप उडालेली असते आज, आणि थेरपिस्टची फी द्यायची असते येत्या गुरुवारी.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये महिला पीडितांसाठी जी भरपाई योजना केली, तिच्या परिशिष्टात 'पुनर्वसनाची गरज पडेल अशी मानसिक इजा' ही नोंद गंभीर शारीरिक इजेच्या जोडीने आहे आणि तिच्यासाठी १ ते २ लाखांची मर्यादा आहे. ही ओळ फार थोड्या अर्जांत वापरली जाते असं वकील मंडळी सांगतात, आणि त्यात नवल नाही. तज्ज्ञाचा अहवाल जोडायचा असतो हे अर्ज भरणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मुलांच्या बाबतीत पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे २०२० चे नियम अधिक स्पष्ट आहेत. भरपाई ठरवताना विशेष न्यायालयाने मानसिक इजेची तीव्रता आणि मानसिक उपचारांवर झालेला व होणारा खर्च पाहायचा आहे. खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देता येते. म्हणजे मुलाच्या समुपदेशनाच्या पावत्या आणि पुढे किती सेशन लागतील याचा तज्ज्ञाने लिहिलेला अंदाज, हे दोन साधे कागद निकालाच्या दिवसाची वाट न पाहता कामाला येतात.

विम्याची गोष्ट जरा गमतीची आहे, म्हणजे ज्याच्यावर वेळ आली त्याला हसू येणार नाही अशा अर्थाने. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजारासाठी विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने तसं परिपत्रक काढलं. तरी पॉलिसीतली जुनी वगळणी चालूच राहिली. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महिलेच्या बाजूने निकाल देताना अशी वगळणी कायद्याला धरून नाही असं म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा तारीख घालून द्यावी लागली. एवढं सगळं होऊनही बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झालं तरच पैसे देतात. पन्नास मिनिटांच्या बोलण्याला खाट लागत नाही, आणि खाट नाही तर दावा नाही. बाह्यरुग्ण खर्चाचं जोडकलम घेतलेल्यांना थोडंफार मिळतं. म्हणून आधी पॉलिसीचं ते पान काढा आणि मग तपासणीची वेळ घ्या. अर्ज भरताना जुने उपचार लपवू नका. दावा फेटाळायला कंपनीला याहून सोपं कारण दुसरं नसतं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची खिडकी शेवटची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे आणि मोजणी 'आयडियाज' नावाच्या भारतीय पट्टीने होते. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम अशी चार क्षेत्रं, प्रत्येकी ० ते ४ गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे गुण. बेरीज ७ झाली की ४० टक्के ओलांडले जातात. पट्टी वाईट नाही, पण ती वर्षानुवर्षं सरळ चालणाऱ्या आजारांसाठी घडवलेली वाटते. आघाताचं तसं नसतं. सोमवारी बाई कामावर जाऊन सगळं करते आणि मंगळवारी लिफ्टमध्ये मागे कुणी उभं राहिलं म्हणून दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. तपासणी सोमवारी असली की संपलं. शिवाय या प्रमाणपत्राने प्रवास, कर, निराधार अनुदान असं काही मिळालं तरी थेरपीचे पैसे थेट मिळत नाहीत. कुणाच्या सांगण्यावरून रांगेत उभं राहण्याआधी हे माहीत असावं.

तर मग तपासणीला जाण्याची तयारी कशी करायची? इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांना खरं तर हेच हवं असतं आणि हेच कुणी सांगत नाही.

तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. पाठ केलेली कहाणी तज्ज्ञाच्या कानाला लगेच कळते. वाढवून सांगणं पकडण्यासाठी काही चाचण्यांत मुद्दाम पेरलेले प्रश्नही असतात. पण माझ्या पाहण्यात वाढवून सांगणारे थोडे आणि कमी करून सांगणारे ढीगभर. "माझ्यापेक्षा वाईट झालेले किती आहेत" या एका वाक्याने कित्येकांचे अहवाल पांढरे निघतात. त्यावर उपाय म्हणजे आदल्या दोन आठवड्यांची नोंद. वही साधी चालेल. किती वाजता झोप लागली, किती वाजता दचकून जाग आली, कुठला रस्ता टाळला, कुणाचा फोन उचलला नाही, स्वयंपाक कुणी केला, मुलावर विनाकारण हात उगारला गेला का. भावनांची वर्णनं नकोत, घडलेलं लिहा. "मला फार भीती वाटते" यापेक्षा "मार्चपासून मी दादरचा पूल चढले नाही, लांबून वळसा घालून जाते" हे वाक्य अहवालात जास्त काम करतं. चांगले दिवसही लिहा. त्यांनी बाजू लंगडी होत नाही, उलट वाईट दिवसांवर विश्वास बसतो.

सोबत जुने कागद: आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची नावं आणि डोस, पोलिसांत नोंद असेल तर एफआयआरची आणि रुग्णालयाच्या मेडिको-लीगल कागदांची प्रत, रजांचा हिशोब, मुलगा-मुलगी असेल तर घटनेआधीच्या आणि नंतरच्या गुणपत्रिका. या शेवटच्या कागदाला लोक हसतात, पण 'आधी' आणि 'नंतर' यांच्यातली फट इतकी उघड दुसऱ्या कशातच दिसत नाही. आधीपासून काही त्रास होता तर तोही सांगावा. जुनी भिंत ओली होती म्हणून पुराने काही पाडलं नाही असं होत नाही. पण लपवलेली ओल नंतर सापडली की सगळ्याच भिंतीवर संशय येतो.

घटना किती तपशिलात सांगायची? ही तपासणी म्हणजे पोलिसांतला जबाब नाही. काय घडलं हे तज्ज्ञाला दोन-चार वाक्यांत कळलं तरी बहुधा पुरतं. त्याचा खरा रस असतो नंतरच्या आयुष्यात. "याहून जास्त आज बोलता येणार नाही" असं म्हणता येतं, मध्ये थांबता येतं, पाणी मागता येतं, घरातलं किंवा विश्वासाचं माणूस बाहेर बसवता येतं. आठवणी तुटक असतील, क्रम लागत नसेल तर तसंच सांगा. क्रम लावून दाखवण्याच्या नादात पुढे न्यायालयात दोन जबाब जुळत नाहीत आणि उलटतपासणीत वकील त्यावरच बोट ठेवतो. म्हणून खटला चालू असेल तर आपल्या वकिलाशी आधी बोलून घ्यावं. तज्ज्ञालाही सुरुवातीलाच विचारावं: हा अहवाल कोण वाचणार? माझी प्रत मला मिळेल का? २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचा आणि स्वतःचे कागद पाहण्याचा हक्क दिला आहे, पण तो मागितल्याशिवाय टेबलावर येत नाही. तपासणारी व्यक्ती कोण हेही पाहावं. मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर कागद टिकतो. नुसत्या समुपदेशकाचं पत्र आधाराला चांगलं, पण एकट्याने उभं राहत नाही.

घटनेला जेमतेम आठवडा झाला असताना तपासणी झाली आणि 'पीटीएसडी नाही' असं लिहून आलं तर खचू नका. त्या निदानाला लक्षणं किमान काही आठवडे टिकावी लागतात, अमेरिकन पुस्तिकेत तर महिन्याहून जास्त. तेव्हा पुन्हा तपासणी मागा. रोजची औषधं तपासणीसाठी बंद करू नका. आणि त्या दिवशी नंतर दुसरं काही ठेवू नका. उकरलेलं लगेच बसत नाही. तपासून झाल्यावर गर्दीच्या लोकलने एकटीने घरी जाणं हा शहाणपणा नव्हे.

अहवाल हातात आला की नीट वाचा. गावाचं नाव, तारखा, "नवऱ्याने" च्या जागी "भावाने" असल्या चुका होतात. त्या लगेच लेखी दुरुस्त करून घ्या. दावा फेटाळला गेला तर कारण लेखी मागा. विमा कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. अपंगत्वाच्या टक्केवारीवरही कायद्याने अपील आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही तयारीने भरून निघत नाही, ती भाषेची. आघाताला मराठीत आपला अस्सल शब्द आहे: धसका. पोरीने धसका घेतलाय, म्हाताऱ्याने हाय खाल्ली, जीव थाऱ्यावर नाही, छातीत धडधडतं, डोकं बधिर होतं. माणूस हे शरीरातून बोलतो आणि फॉर्म भरणारा ते इंग्रजीत उतरवताना 'अंगदुखी, निद्रानाश' एवढंच लिहितो. धसक्यात घटना आहे, भीती आहे आणि ती अजून आत बसून आहे हेही आहे. म्हणजे नव्या पुस्तिकेतल्या तीन खुणा या एका शब्दात आल्या. तेव्हा उसने शब्द वापरू नका. 'डिप्रेशन' म्हणण्यापेक्षा आपल्या घरात जे म्हणतात तेच म्हणा आणि त्याखाली प्रसंग सांगा. इंग्रजीत अहवाल लिहिणाऱ्यांनाही विनंती: तो शब्द जसाच्या तसा ठेवा आणि मग त्याचा अर्थ लिहा.

एवढा खटाटोप मुळात लागतो तो उपचार दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बहुतेक राज्यांत लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नव्हता. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. वस्तू थोडी असली की रेशनकार्ड येतं. या गणिताला वेगळं उत्तर शोधणारे आपल्याच अंगणात आहेत. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन करून दाखवलं आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आघातावरचं काम याहून नाजूक आहे हे खरं, पण वाट तीच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून उभं केलेलं 'दिलासा' केंद्र दोन दशकांहून जास्त काळ घरच्या मारहाणीतून आलेल्या बायकांशी रुग्णालयातच बोलतं. तिथे आधी इजा सिद्ध करा असं कुणी म्हणत नाही.

आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि तिथे बोलण्यासाठी कुठलाही पंचनामा लागत नाही.